शरीर हीच व्यायामशाळा

व्यायामाचा विषय निघाला की आपल्या समाजातील वडीलधारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : ज्याने जन्मभर कष्ट उपसले, त्याला वेगळा व्यायाम कशाला हवा? पालकसभेत आम्ही हा प्रश्न अनेकदा ऐकला आहे. तो अज्ञानातून आलेला नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव उभा आहे. गावकीची कामे, लाकडे फोडणे, ओझी वाहणे, मेलेली गुरे ओढणे, रात्री-अपरात्री सांगावे घेऊन धावणे यांत आपल्या पूर्वजांचे देह झिजले. तो देह त्यांचा असूनही त्याच्यावर हुकूम दुसऱ्याचा चालत असे. म्हणून या प्रश्नाला नीट उत्तर देणे आवश्यक आहे, आणि ते देण्यासाठीच हा लेख आहे.

श्रम आणि व्यायाम

श्रमात भार किती घ्यायचा, किती वेळ घ्यायचा आणि कधी थांबायचे हे काम ठरवते, किंवा काम देणारा ठरवतो. तेच ते स्नायू, तीच ती बाजू वर्षानुवर्षे वापरली जाते. भातलावणी करणाऱ्या बाईची कंबर धरते, हमालाची मान आखडते, वीटभट्टीवरच्या मजुराचे गुडघे अकाली झिजतात. व्यायामात मात्र भार आपण निवडतो, तो मापाने वाढवतो, सर्व अंगांना समान न्याय देतो आणि पुरेशी विश्रांती घेतो. श्रमातही शरीर बळकट होते, परंतु ते एकांगी होते आणि त्याची भरपाई होण्याआधीच दुसरा दिवस उजाडतो. व्यायाम म्हणजे स्वतःच्या देहावर स्वतःचा अधिकार सांगणे, असे आम्हांस वाटते.

आज आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला ना ते श्रम उरले, ना व्यायाम आला. शिक्षक, लिपिक, बँक कर्मचारी, संगणकावर काम करणारे तरुण, सर्वांचा दिवस खुर्चीत जातो. शिक्षणाने आपल्याला खुर्ची मिळवून दिली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच खुर्चीबरोबर मधुमेह आणि रक्तदाबही घरात आले. परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्याचे अखेरचे दशक मधुमेहाने आणि सांध्यांच्या वेदनांनी व्यापले होते, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी वयाच्या अवघ्या ६५व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या अभ्यासाचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. ज्या समाजाला दीर्घायुषी विद्वान हवे आहेत, त्याने त्यांच्या देहाने सोसलेल्या यातनाही लक्षात ठेवल्या पाहिजेत.

तालमीचा आपला वारसा

एके काळी अनेक गावांत पाणवठ्याप्रमाणेच तालमीची दारेही अस्पृश्यांना बंद होती. तरीही व्यायामाची परंपरा आपल्याला परकी नाही. पुण्यात गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मातंग समाजात जन्मलेल्या या वस्तादांकडे महात्मा जोतीराव फुले यांनी दांडपट्ट्याचे शिक्षण घेतले. पुढे जोतीरावांनी शाळा काढल्या, तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे तालीम आणि शाळा ही आपल्या इतिहासात परस्परांना आधार देणारी ठिकाणे होती. महाड सत्याग्रहाच्या काळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलातही कवायत आणि शिस्त यांना मोठे स्थान होते.

धम्मातील मध्यम मार्ग

देहाला छळणे आणि देहाचे लाड करणे ही दोन्ही टोके तथागतांनी स्वतः अनुभवून नाकारली. विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस याची कथा आहे. श्रीमंत घरातला हा सुकुमार तरुण भिक्खू झाला आणि पायांतून रक्त येईपर्यंत चंक्रमण करीत राहिला. तरीही मन मुक्त होईना, तेव्हा तो निराश झाला. गृहस्थ असताना तो वीणा वाजवीत असे. बुद्धांनी त्याला विचारले की वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर त्यांतून सूर उमटतो काय? सोणाला उत्तर ठाऊक होते. वीर्य सम प्रमाणात असावे, हा त्या उपदेशाचा गाभा आहे. व्यायामशास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा नियमही हाच आहे.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे येरझारा घालत सावधपणे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता येते, प्रयत्नाची क्षमता येते, आरोग्य राहते, खाल्लेले पचते आणि साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. यंत्र नाही, शुल्क नाही, पाय मात्र हवेत.

स्वतःचे वजन हेच साधन

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी हे प्रमाण दररोज सरासरी ६० मिनिटे आहे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, अशी गती मध्यम समजावी. रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस चालले की पहिली अट पूर्ण होते.

दुसऱ्या अटीसाठी लोखंडी वजने लागतात, हा गैरसमज आहे. आपले शरीर हाच भार आहे आणि कोन बदलला की तो कमी-जास्त होतो. ६० किलो वजनाची व्यक्ती जमिनीवर पुश-अप काढते, तेव्हा हातांवर साधारण ३८ किलो भार येतो. गुडघे टेकले तर तो ३० किलोंच्या आसपास उतरतो. भिंतीला हात टेकून केल्यास याहून पुष्कळ कमी होतो, आणि पाय बाकावर ठेवल्यास वाढतो. आपले जोर हे याच हालचालीचे अधिक वळणदार रूप आहे. भिंत, टेबल, गुडघे, जमीन, बाक अशी ही एक शिडीच आहे. साठीतली आजी पहिल्या पायरीवर उभी राहील, भरतीची तयारी करणारा नातू शेवटच्या.

पाच प्रकारच्या हालचाली पुरेशा आहेत. पहिली बैठक : आधी खुर्चीवर बसणे-उठणे, मग खुर्चीशिवाय. दुसरी ढकलण्याची, म्हणजे वर सांगितलेला पुश-अप. तिसरी ओढण्याची : मजबूत आडव्या दांडीला लोंबकळणे, पुढे पुल-अप. चौथी कंबर आणि नितंबांची : पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर उचलणे, ज्याला आपण सेतुबंधासन म्हणतो. पाचवी शरीर फळीसारखे ताठ धरण्याची, म्हणजे प्लँक.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड करावे. आधी पाच-सात मिनिटे अंग गरम करावे. पहिली चार हालचाल प्रत्येकी ८ ते १२ वेळा आणि प्लँक २० ते ३० सेकंद, असे सुरुवातीला दोन फेरे व पुढे तीन फेरे करावेत. फेऱ्यांमध्ये मिनिट-दोन मिनिटे थांबावे. आणखी दोन वेळा नीट जमेल असे वाटत असतानाच फेरा थांबवावा. सोणाची वीणा इथे आठवावी. तिन्ही फेऱ्यांत १२ वेळा शुद्ध रीतीने जमू लागले की शिडीची पुढची पायरी घ्यावी. मधला दिवस आळसाचा नसतो, त्या दिवशी स्नायूंची डागडुजी होते.

पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागल्यामुळे. आरशात दिसणारा फरक त्यानंतर येतो. आरशावर विसंबून महिन्याभरात व्यायाम सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिशीनंतर व्यायाम नसेल तर दर दहा वर्षांत स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्के घटते. रक्तातील साखर वापरणारे सर्वांत मोठे इंद्रिय स्नायूच आहेत, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेऊ शकतो. म्हणून मधुमेही व्यक्तीने जेवणानंतर थोडे चालणे हितकारक असते.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा इन्सुलिनसारखी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. जोर लावताना श्वास कोंडू नये, जोर लावताना सोडावा. छातीत दुखणे, घेरी येणे, दरदरून घाम फुटणे असे झाल्यास तत्काळ थांबून उपचार घ्यावेत. स्नायूंचा ठणका दोन-तीन दिवसांत ओसरतो, सांध्यातील तीव्र कळ मात्र थांबण्याची सूचना असते.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धाव, शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. ही तयारी जाहिरात आल्यावर सुरू करून चालत नाही. दम लवकर वाढतो, पण हाडे आणि स्नायुबंध सावकाश बळकट होतात. घाईने धावणाऱ्यांच्या नडग्या त्यामुळेच दुखावतात. याच घाईत काही तरुण डबे आणि इंजेक्शनांच्या नादी लागतात. स्टिरॉइडची इंजेक्शने हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता यांना हानी पोचवतात. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी, मासळी यांतून मिळणारी प्रथिने आपल्या मुलांना पुरतात. आपल्या मुलींनी मासिक पाळीत व्यायाम करू नये, ही समजूतही सोडून द्यावी. त्रास नसेल तर व्यायामाला हरकत नाही. मात्र सतत थकवा जाणवत असेल तर रक्त तपासून घ्यावे.

वस्ताद आणि कल्याणमित्र

शहरांत वैयक्तिक प्रशिक्षक नेमण्याची पद्धत रूढ झाली आहे. त्यातले मर्म जुनेच आहे. संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा येते. राजा द्रोणभर भात जेवून धापा टाकीत बुद्धांकडे आला. बुद्धांनी आहारातील संयमावर एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले आणि त्यासाठी त्याला रोज १०० कहापण देण्याचे ठरवले. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर आला आणि देह हलका झाला. राजाला काय करावे हे समजले होतेच. त्याला हवा होता तो रोज, योग्य वेळी, न चुकता आठवण देणारा माणूस.

चांगला प्रशिक्षक आधी आपले वय, आजार आणि दिनक्रम विचारतो. हालचाल पाहून चूक दुरुस्त करतो. वहीत नोंद ठेवतो. भार कधी वाढवायचा हे त्याला कळते, आणि कधी थांबवायचे हेही. जो पहिल्याच दिवशी दमवून टाकतो, महिन्यात कायापालट करण्याची हमी देतो किंवा पावडरचे डबे विकतो, त्याच्यापासून दूर राहावे. प्रत्येकाला प्रशिक्षक परवडेल असे नाही. परंतु धम्माने कल्याणमित्र ही संकल्पना आपल्याला दिलेली आहे. शेजारचे दोन मित्र, सासू-सून, बाप-लेक एकमेकांचे वस्ताद होऊ शकतात. एकाने करावे, दुसऱ्याने पाहावे आणि मोजावे, मग आलटून-पालटून.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवतो. आपल्यापैकी जे सैन्यात, पोलीस दलात किंवा क्रीडाशिक्षणात आहेत, त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर एक सकाळ शाळेच्या मैदानाला द्यावी आणि पाच-पाच मुलामुलींचे वस्ताद व्हावे. पुढे पत्राने, फोनने त्यांची नोंदवही तपासावी. वस्तीतल्या बुद्धविहारांत वंदनेनंतर अर्धा तास स्त्री-पुरुषांनी मिळून व्यायाम करावा. याला निधी लागत नाही, देणगीदार शोधावे लागत नाहीत. सपाट जमीन, एक मजबूत दांडी आणि शब्द पाळणारी माणसे एवढे असले म्हणजे झाले.

ज्यांनी जन्मभर कष्ट उपसले त्या आई-वडिलांना आमचे नम्र उत्तर हे आहे : तुमचे कष्ट दुसऱ्यांसाठी होते. आता रोजचा अर्धा तास स्वतःसाठी काढा. आधी खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, आणि तुमच्या नातवंडांना ते मोजू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!