पुंगळीवरचं नाव कुणाचं?

अश्रुधुराच्या रिकाम्या पुंगळ्या आणि रबरी गोळ्या जमवणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘नाव लिहिलंय की त्यावर, आणखी काय हवं?’ नाव असतंच. पण ते बनवणाऱ्याचं, विकणाऱ्याचं की नुसती नोंद करणाऱ्याचं, हे तपासल्याशिवाय ओळख पटत नाही.

सर्वांत मोठा घोळ ‘फेडरल’ या शब्दाने घातला आहे. तो दिसला की कुणी म्हणतं हा अमेरिकी सरकारचा माल. कुणी म्हणतं शिकारीची काडतुसं बनवणाऱ्या फेडरल कार्ट्रिज कंपनीचा. दोन्ही चूक. फेडरल कार्ट्रिज मिनेसोटातल्या अनोका गावची. अश्रुधुरवाली फेडरल लॅबोरेटरीज पेनसिल्व्हेनियातली, आधी पिट्सबर्गची, नंतर सॉल्ट्सबर्गची, आणि पूर्णपणे खासगी. १९३०च्या दशकात तिने आणि क्लीव्हलंडच्या लेक एरी केमिकल कंपनीने संपकऱ्यांशी झुंजणाऱ्या कारखानदारांनाही अश्रुधूर विकला. अमेरिकी सिनेटच्या ला फॉलेट समितीने त्या व्यवहारांची चौकशी केली. पुढे लेक एरी ही कंपनी बंदुका बनवणाऱ्या स्मिथ अँड वेसनने घेतली, आणि फेडरल लॅबोरेटरीजचं नाव डिफेन्स टेक्नॉलॉजी या कंपनीच्या नावाला जोडून छापलं जाऊ लागलं. म्हणून कंपनीच्या नावाइतकाच खालचा पत्ता वाचावा. पिट्सबर्ग दिसलं तर वस्तू सॉल्ट्सबर्गवालीपेक्षा जुनी, एवढं तरी लगेच कळतं.

लष्करी मालावरचा तेरा आकडी नाटो साठा क्रमांक जाणकारांनाही चकवतो. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात. दारूगोळ्याचा वर्ग १३ने सुरू होतो. पाचवा-सहावा आकडा देशाचा: ००, ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १४ फ्रान्स, १२ जर्मनी. इथेच लोक फसतात. हा आकडा ज्या देशाने वस्तूची नोंद केली त्याचा असतो, कारखाना त्याच देशात असेल असं नाही. ९९ पाहून ‘ब्रिटिश बनावट’ अशी चिठ्ठी चिकटवणं म्हणजे अर्धवट वाचन.

व्यासाच्या आकड्यावरूनही देश ठरवू नये. दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर, ३७, ३८ आणि दीड इंच ही बहुतेक वेळा एकाच घराण्यातल्या काडतुसांची नावं आहेत. ४० मिलिमीटरचं काडतूस मात्र खरोखर वेगळं.

पुंगळीवरच्या रंगांचं तसंच. सीएस आणि सीएन ही अश्रुधुराची दोन रसायनं. निळा म्हणजे सीएस, लाल म्हणजे सीएन, पिवळा म्हणजे नुसता धूर, हा अमेरिकी कारखान्यांचा प्रघात आहे, जगाचा नियम नव्हे.

‘रबरी गोळी’ हे नाव तर सरसकट चिकटवलं जातं. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैन्याने १९७०मध्ये रबरी गोळी आणली. ती सुमारे १५ सेंटिमीटर लांब होती. १९७३पासून पीव्हीसीची गोळी आली, सुमारे १० सेंटिमीटरची, आखूड आणि टणक. १९७५पर्यंत रबरी गोळी मागे पडली. तेव्हा १९८०च्या दशकातली बेलफास्टची ‘रबरी’ गोळी कुणी विकायला आणली, तर मोजपट्टी काढावी. या दोन प्रकारांनी तिथे मिळून १७ माणसं मारली, त्यांत लहान मुलंही होती. मांडणीत ठेवताना हे विसरू नये. रबरी गोळीच्याही आधी हाँगकाँगमध्ये ब्रिटिशांच्या पोलिसांकडे लाकडी गोळ्या होत्या.

पुंगळीवरून कारखाना कळला तरी ती कुणी झाडली हे कळत नाही. २०११मध्ये कैरोच्या तहरीर चौकात निदर्शकांनी उचललेल्या नळकांड्यांवर पेनसिल्व्हेनियातल्या जेम्सटाउनच्या कंबाइन्ड सिस्टिम्सचं नाव होतं. झाडणारे इजिप्तचे पोलीस होते.

आपल्याकडे असा सगळा माल परदेशातून येतो, हाही एक समज. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं टीअर स्मोक युनिट आहे. अश्रुधुराची नळकांडी तिथे बनतात.

झाडलेली पुंगळी निरुपद्रवी असते, हे शेवटचं आणि सर्वांत महागात पडणारं मत. सीएस हा वायू नसून बारीक भुकटी आहे. ती आत चिकटून राहते आणि पुसताना डोळ्यांत जाते. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९च्या व्याख्येत घातक वायू भरण्यासाठी बनवलेली वस्तू दारूगोळ्यात मोडते, आणि दारूगोळ्याचे भागही. न झाडलेलं नळकांडं सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.