निःशब्द सायकल आणि रानातली वाट

अमेरिकेत विस्तीर्ण कुरणांवर गुरे पाळणारे काहीजण हल्ली विजेची मोटार बसवलेली सायकल वापरतात. मैलोगणती कुंपणाची पाहणी तिच्यावरून सहज होते. तेथील शिकाऱ्यांनाही ती प्रिय आहे. ती आवाज करीत नाही, पेट्रोलचा वास सोडीत नाही. सावजाला चाहूलच लागत नाही.

आपल्या बैहरच्या मुलुखात शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. कान्हा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार बंद केली. शिकार गेली, पण वाट राहिली. शेत एका टेकडीपलीकडे, आठवड्याचा बाजार दुसऱ्या टेकडीपलीकडे. अशा माणसाला ही सायकल परवडेल काय?

प्रथम कायदा पाहू. मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि नमुना मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला असेल, तर ती मोटार वाहन गणली जात नाही. परवाना वा नोंदणी लागत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी तपासणीचा दाखला अवश्य मागावा.

आता हिशेब. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. ती भरण्यास अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते. दर आठ रुपये धरला तरी चार रुपयांत काम होते. पायडल मारीत गेल्यास सपाट रस्त्यावर किलोमीटरला सुमारे १२ वॅट-तास खर्च होतात, म्हणजे तीस किलोमीटरचा पल्ला. चढाचा हिशेब मात्र वेगळा. स्वार, सायकल व ओझे मिळून १०० किलो धरले, तर १०० मीटर उंची चढण्यात बॅटरीचा जवळजवळ दहावा हिस्सा संपतो. चढावर मोटार एकटी पुरत नाही, पायांनी साथ द्यावीच लागते. याच क्षमतेच्या बॅटरींच्या वजनातही मोठा फरक आहे. शिशाची बॅटरी स्वस्त, पण बारा किलोंच्या घरात जाते. लिथियमची तीन किलोंत भागते. स्वस्त म्हणून शिशाची घेणारा माणूस ते ओझे दररोज टेकडीवर वाहतो. ओढा ओलांडताना चाकातील मोटार पाण्यात बुडू देऊ नये, आणि बॅटरी उन्हात तापलेली असताना भरू नये.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट किमतीची नव्हे, तर आवाजाची आहे. चैत्रात मोहफुले पहाटे टपटपतात. ती वेचण्यास माणसे निघतात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येते. अस्वलाची नजर अधू असते. ते वासावर जगते. अगदी जवळ गाठ पडून दचकले, तर पळण्याऐवजी ते अंगावर येते. ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. वळणापलीकडे पंधरा मीटरवर अस्वल असेल, तर दोघांच्याही हाती तीन सेकंद उरत नाहीत. पायी चालणारा वाळक्या पानांवर पाय टाकतो, बोलतो, खोकतो; बैलगाडीच्या घुंगरांची ग्वाही दूरवर पोहोचते. ही सायकल मात्र मुकी असते.

म्हणून शिकाऱ्याचा गुण तो आपल्या वाटेवरचा दोष समजावा. हँडलला मोठी घंटा बांधावी. घुंगरू बांधले तर अधिकच बरे. वळणाआधी वेग कमी करावा, घंटा वाजवावी, आणि झुंजुमुंजू होण्यापूर्वी मोहाखालून एकट्याने जाऊ नये. विजेवर पैसे वाचतील, पाय वाचतील. रानातल्या शेजाऱ्याला आपली चाहूल देणे एवढे काम मात्र आपणच करावयाचे आहे. त्यात त्याचाही जीव वाचतो आणि आपलाही.