नऊ इंचांत मावणारा बार

फ्लॅटचं इंटिरिअर करायला काढलं की हल्ली हॉलच्या आराखड्यात बार काउंटर हमखास डोकावतो. मागे आरसा, वर उलटे टांगलेले वाइनचे ग्लास, पुढे दोन उंच स्टूल. कागदावर हे सगळं देखणं दिसतं. पण एकदा टेप घेऊन जमिनीवर मोजून बघा. दोन माणसांसाठी चार फूट रुंदीचा काउंटर, त्याची खोली दीड फूट, पुढे स्टुलांना दोन फूट आणि मागे ओतणाऱ्याला उभं राहायला अडीच फूट. एकूण चोवीस चौरस फूट झाले. वन बीएचकेचा हॉल दहा बाय चौदाचा धरला, तर त्याचा सहावा हिस्सा या काउंटरने खाल्ला. तोही आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी तासभर वापरायच्या गोष्टीसाठी. बाकीचा आठवडा तिथे कुरिअरची पाकिटं, चार्जर आणि इस्त्रीचे कपडे साठणार.

लहान घरात बार नसावा, असं मी म्हणत नाही. लहान घरातला बार उत्तम होऊ शकतो. फक्त तो हॉटेलच्या बारची छोटी नक्कल नसावा. हॉटेलात काउंटर असतो, कारण तिथे विक्री चालते. घरात लागतं ते एक छोटं, बंद होणारं, कुलूप लागणारं फडताळ.

घरातच दडलेली जागा

आरसीसी इमारतींमध्ये कॉलम बऱ्याचदा भिंतीच्या पुढे आलेला असतो. तो बाहेर आला की त्याच्या शेजारी आपोआप एक खाच तयार होते. खोली नऊ इंच ते एक फूट, रुंदी दोन-अडीच फूट. सोफा तिथे बसत नाही, कपाटाला ती पुरत नाही, म्हणून तिथे एखादी कुंडी किंवा उभा पंखा येऊन बसतो. बारला हीच जागा योग्य.

याचं कारण बाटलीच्या मापात आहे. ७५० मिलिची बाटली साधारण तीन ते साडेतीन इंच व्यासाची आणि अकरा ते तेरा इंच उंचीची असते. एका रांगेत ठेवायची तर सहा इंच खोलीही भरपूर झाली. दोन फूट खोल कपाटात बाटल्यांच्या एकामागे एक अनेक रांगा लागतात आणि मागच्या रांगेतलं काय आहे ते दिवाळीच्या साफसफाईलाच कळतं.

खाच नसेल तर भिंत कोरून कोनाडा करायच्या फंदात पडू नका. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींना कोनाडे शोभायचे. आताच्या आतल्या भिंती बहुतेक चार ते सहा इंचांच्या असतात आणि मिवान पद्धतीच्या इमारतीत तर भिंतच काँक्रीटची, इमारतीचा भार पेलणारी असते. तिला किंवा कॉलमला छिन्नी लावणं म्हणजे इमारतीला धोका. एएसी ब्लॉकची भिंत असेल तर साध्या रावळप्लगवर वजनदार कपाट टांगू नये. त्या ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर मिळतात, किंवा कपाट सरळ जमिनीवर उभं करावं.

जागा ठरवताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. दुपारचं पश्चिमेचं ऊन तिथे येऊ नये. मागे बाथरूमची ओली भिंत नसावी. आणि फ्रिज चार पावलांवर असावा, कारण बर्फ आणि गार सोडा तिथूनच येणार आहे.

फळीचा ओटा

आता प्रत्यक्ष माप घेऊ. खाच तीस इंच रुंद आणि नऊ इंच खोल आहे असं समजा. जमिनीपासून अडतीस इंचांपर्यंत खालचं कपाट. त्याच्या वर सोळा इंच उंचीचा एक कप्पा आणि त्याला खालच्या बाजूने बिजागऱ्या लावलेला, पुढे पाडता येणारा फ्लॅप. फ्लॅप बंद असला की समोरून साधं कपाट दिसतं. पाडला की तीच फळी सोळा इंचांचा ओटा होते. आतले नऊ इंच धरले तर दोन फुटांहून जास्त खोलीचं काम करायचं पृष्ठ मिळालं. जमीन व्यापली दोन चौरस फुटांहून कमी.

अडतीस इंच उंची मुद्दाम ठेवायची. स्वयंपाकाचा ओटा साधारण तेहतीस-चौतीस इंचांचा असतो, कारण तिथे पोळी लाटताना वरून जोर द्यावा लागतो. इथे फक्त मापून ओतायचं आणि ढवळायचं आहे. थोडी जास्त उंची असली तर वाकावं लागत नाही आणि पेगमापाची रेघ डोळ्यांना नीट दिसते.

फ्लॅपला दोन्ही बाजूंनी मजबूत स्टे हवेतच. माणूस बोलता बोलता कोपर टेकतो आणि सगळा भार बिजागऱ्यांवर येतो. सुताराला आधीच सांगावं की फळी नुसत्या ग्लासांच्या नव्हे, टेकणाऱ्या माणसाच्या हिशेबाने धर.

फ्लॅपच्या मागच्या कप्प्यात अठ्ठावीस इंच मोकळी रुंदी मिळते. तिथे एका रांगेत आठ बाटल्या बसतात. भरलेली काचेची बाटली सव्वा किलोच्या आसपास असते, म्हणजे फळीवर दहा-अकरा किलो आले. त्यासाठी अठरा एमएमचा प्लाय वापरा. त्यावर आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० चा मरीन असा शिक्का बघून घ्यावा, कारण बर्फाचं पाणी इथे रोज नसलं तरी नेमाने सांडणार.

वरच्या दीड फुटात ग्लास. वाइनचे ग्लास दांड्याने उलटे टांगले तर धूळ बसत नाही. पण ते उलटे करून कडेवर उभे ठेवू नयेत. ग्लासची कड हाच त्याचा सगळ्यात नाजूक भाग, शिवाय प्लायचा आणि बंद हवेचा वास आत कोंडतो. ग्लासांचे प्रकारही दोनच ठेवावेत. सोडा घालून प्यायला उंच, बर्फावर प्यायला बुटका. वाइन घेणारं कुणी घरात असेल तरच तिसरा.

खालच्या कपाटात सोडा, टॉनिक, चखण्याचे डबे, ट्रे आणि बर्फाचं दुहेरी भिंतीचं भांडं. नऊ इंच खोलीत ड्रॉवरचा हट्ट नको. बारीक सामान दाराच्या आतल्या बाजूला हुकांवर लावावं.

पॉलिश आणि दगड

बारच्या फळीची सगळ्यात जास्त फसगत होते ती पॉलिशमध्ये. सागवानावरचं जुनं फ्रेंच पॉलिश फार सुंदर दिसतं. पण ते बनतं लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. व्हिस्कीचे चार थेंब त्यावर पडून राहिले की ती लाख पुन्हा विरघळू लागते आणि पांढुरका, चिकट डाग उमटतो. त्यामुळे ओतायच्या फळीवर लॅमिनेट किंवा चांगलं पीयू पॉलिशच हवं. लाकडाची हौस बाहेरच्या दारावर भागवावी.

दगडाचंही तसंच. संगमरवर आणि कडप्पा हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. त्यावर लिंबाचा रस सांडला की आम्लाने चकाकी जाते आणि तो डाग पुसून निघत नाही. ग्रॅनाइटला हा त्रास नाही. फ्लॅपवर दगड जड होतो, म्हणून ग्रॅनाइटचा एक लहान, सुटा तुकडा कडा घासून घ्यावा आणि लिंबू त्यावर कापावं.

दिव्यासाठी तीन हजार केल्विनची पिवळसर एलईडी पट्टी पुरते. ती फळीच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूला तोंड करून बसवावी, म्हणजे उजेड बाटलीवर पडतो आणि डोळ्यांत जात नाही. पट्टीचा ड्रायव्हर हात पोहोचेल असा ठेवावा. आधी बिघडतो तो बहुधा तोच.

आठच बाटल्या का?

आठ हा आकडा खाचेने ठरवला. तो पाळावा असं मला मनापासून वाटतं. मद्य उघडलं की बाटलीत हवा शिरते आणि बाटली जितकी रिकामी, तितकी हवा जास्त. व्हिस्की किंवा रम त्याने नासत नाही, पण तळाशी उरलेली बाटली महिनोन् महिने तशीच राहिली तर तिची चव फिकी पडत जाते. वाइन तर उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपवावी. व्हर्मूथ मुळात वाइनच, त्यामुळे उघडल्यावर त्याची जागा फ्रिजमध्ये. वीस बाटल्यांच्या घरात बहुतेक बाटल्या अर्ध्या आणि शिळ्या असतात. आठांच्या घरात त्या फिरत्या राहतात.

व्हिस्कीची बाटली नेहमी उभी ठेवावी, आडवी ठेवली तर कडक मद्याने बूच खराब होतं. बुचाची वाइन आडवी ठेवावी, पण मुंबईच्या उकाड्यात हॉलमध्ये ती वर्षभर साठवू नये. त्यासाठी थर्मोइलेक्ट्रिक वाइन कूलर घेण्याचा मोह होतो. खोलीच तापलेली असेल तर तो हवं तितकं गार करू शकत नाही. वाइन लागेल तेव्हा आणावी. बिअरला बारमध्ये जागा देऊ नये. उजेडाने तिच्यातल्या हॉप्सवर परिणाम होऊन उग्र वास येतो, हिरव्या बाटलीत तर लवकरच. तिची जागा थेट फ्रिज.

बर्फाकडेही लक्ष द्यावं. इंचभराच्या आठ खड्यांइतकाच बर्फ दोन इंचांच्या एका खड्यात असतो, पण त्याचा पृष्ठभाग निम्मा. म्हणून तो सावकाश विरघळतो आणि पेय पाणचट होत नाही. ट्रेला झाकण हवं, नाहीतर बर्फाला कालच्या सुक्या बोंबलाचा वास लागतो.

कुलूप, परवाना आणि न पिणारा पाहुणा

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. घरात मद्य ठेवायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वाइन आणि सौम्य बिअरसाठी वय एकवीस, इतर मद्यासाठी पंचवीस. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आठांतली एक जागा तिला द्यावी अशीच ती आहे. पण गोव्यातून येताना परवानगीशिवाय बाटल्या आणणं हा गुन्हा आहे, मग त्या स्वस्त असोत की भेट मिळालेल्या.

फ्लॅपला आणि खालच्या दाराला कुलूप करूनच घ्यावं. लहान घरात हॉल हाच मुलांचा अभ्यासाचा, आजी-आजोबांचा टीव्हीचा आणि हळदीकुंकवाचाही असतो. बंद कपाट त्या सगळ्यांचा मान राखतं. आणि घरात कुणी दारू सोडायचा प्रयत्न करत असेल, तर या लेखातलं एकही माप घेऊ नये. त्या घराला बार नको.

ओट्यावर तीस आणि साठ मिलिचं पेगमाप कायम असावं. बाटलीतून अंदाजे ओतलेला लहान पेग कधी लहान राहत नाही. मापाने ओतलं तर ७५० मिलिच्या बाटलीत पंचवीस लहान पेग होतात, आणि किती घेतली याचा हिशेब पिणाऱ्याला स्वतःला राहतो.

आठ जागांपैकी एक मी कोकम आगळाला देईन. दोन चमचे आगळ, चिमूटभर मीठ, थोडं भाजलेलं जिरं, वर गार सोडा आणि बर्फाचा तोच मोठा खडा. न पिणाऱ्या पाहुण्याच्या हाती कोल्ड्रिंकचा प्लास्टिकचा ग्लास देऊन त्याला कोपऱ्यात बसवण्याची आपल्याकडची रीत मला खटकते. त्याचं पेयही त्याच फळीवर, त्याच निगुतीने, त्याच ग्लासात तयार व्हायला हवं.

सुताराला बोलावण्याआधी एवढं करा. भिंतीवर मास्किंग टेपने फडताळाची चौकट आखा, जमिनीवर पाडलेल्या फ्लॅपची सोळा इंचांची रेघ मारा आणि आठवडाभर तिच्या आजूबाजूने वावरा. दार अडतं का, जेवणाची खुर्ची मागे सरकते का, कुणाचा खांदा लागतो का, ते त्या रेघेवरून कळेल. ती कुणाच्याच वाटेत आली नाही, तर माप पक्कं करा.