इलेक्टिव्हच्या यादीत काय शोधायचं?

इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला इलेक्टिव्हची यादी लागली की मुलं सीनियर्सना दोन प्रश्न विचारतात: मार्क कशात मिळतात आणि प्लेसमेंटला कोणतं नाव चालतं? मग ‘मशीन लर्निंग’चा वर्ग भरतो. ‘न्यूमेरिकल मेथड्स’ किंवा ‘प्रोबॅबिलिटी अँड स्टॅटिस्टिक्स’ला मात्र पुरेशी मुलं मिळाली नाहीत, तर विषयच रद्द होतो. मला यात विद्यार्थ्यांचं मोठं नुकसान दिसतं. विजेच्या कामात संगणक आणि संख्याशास्त्र नेमके कुठे लागतात हे आधी पाहिलं, तर याच यादीतून वेगळे विषय निवडले जातील.

१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी चारनंतर ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातली वीज गेली. सुमारे पाच कोटी लोकांना त्याची झळ बसली. सुरुवात ओहायोत झाली. भाराने तापून खाली झोळलेल्या उच्चदाब वाहिन्या झाडांना टेकल्या आणि एकेक करून बंद पडल्या. अशा घटना घडतच असतात आणि त्या सावरताही येतात. त्या दिवशी त्या का सावरल्या नाहीत, याचा चौकशीत जो तपशील बाहेर आला, तो प्रत्येक इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. स्थानिक वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली दोन वाजून गेल्यावर गोठली होती. सूचना येत नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिथल्या लोकांना वाटत राहिलं. पुढे दोष सापडला तो ‘रेस कंडिशन’चा: दोन प्रक्रियांनी एकाच वेळी एकाच माहितीत लिहिलं आणि प्रोग्राम अडकून पडला. त्याच दुपारी त्या विभागाच्या समन्वय केंद्रातलं ‘स्टेट एस्टिमेटर’ही नीट चालत नव्हतं. एक वाहिनी बंद झाली होती, पण संगणकातल्या नकाशात ती चालूच होती, त्यामुळे गणिताचं उत्तर जुळेना. ती चूक दुरुस्त झाली, पण गणित दर पाच मिनिटांनी आपोआप चालवण्याची व्यवस्था पुन्हा सुरू करायची राहून गेली. पहिला दोष संगणकशास्त्रातला. दुसरा ज्या साधनात झाला, ते उभंच आहे संख्याशास्त्रावर.

हे स्टेट एस्टिमेशन म्हणजे काय? ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रासारख्या ठिकाणी उपकेंद्रांकडून व्होल्टेज आणि वीजप्रवाहाची हजारो मोजमापं सतत येत असतात. त्यातली काही थोडी चुकतात, काही साफ खोटी असतात, काही उशिरा येतात. या गोंधळातून जाळ्याची खरी स्थिती काढायची असते. एमआयटीतल्या फ्रेड श्वेपे यांनी १९७० मध्ये त्याची रीत मांडली. मोजमापं गरजेपेक्षा जास्त घ्यायची, ज्या मीटरवर जास्त विश्वास त्याला जास्त वजन द्यायचं आणि चुकांच्या वर्गांची भारित बेरीज कमीत कमी होईल अशी स्थिती शोधायची. ही गाउसच्या काळातली लीस्ट स्क्वेअर्स पद्धत. मग उरलेल्या चुकांची ती बेरीज काय-स्क्वेअर चाचणीने तपासायची. ती प्रमाणाबाहेर गेली, तर कुठलं तरी मोजमाप खोटं आहे.

गणिताच्या एम-थ्री पेपरात मार्कांसाठी तक्ता बघून सोडवलेलं आणि परीक्षेनंतर विसरलेलं काय-स्क्वेअर ते हेच. म्हणून यादीतला पहिला विषय मी संभाव्यता आणि संख्याशास्त्र हाच निवडेन, आणि शक्य असेल तर त्यात टाइम सिरीज शिकवतात का ते विचारेन. आपल्याकडे विजेचं वेळापत्रक पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ भागांत आदल्या दिवशी ठरतं. महाराष्ट्रात पाऊस लागला की शेतीपंप बंद होतात आणि मागणी एकदम उतरते. ढग आले की सौरऊर्जा घटते. उद्या दुपारी किती वीज लागेल याचा अंदाज आणि तो किती चुकू शकेल याचाही अंदाज, हे दोन्ही संख्याशास्त्राचं काम आहे. दुसरा अंदाज देता येणारी माणसं कमी मिळतात.

दुसरा विषय लिनियर अल्जेब्रासह न्यूमेरिकल मेथड्स, आणि त्याच्या जोडीला डेटा स्ट्रक्चर्स. ‘डेटा स्ट्रक्चर्स म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचं काम’ हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. हजार बसच्या जाळ्याचा लोड फ्लो न्यूटन-राफसनने सोडवायचा तर सुमारे दोन हजार अज्ञात होतात, म्हणजे जेकोबियन मॅट्रिक्समध्ये चाळीस लाख घरं. पण एक बस सरासरी तीन-चार बसनाच जोडलेली असते, त्यामुळे भरलेली घरं जेमतेम वीस हजार, बाकी सगळी शून्यं. १९६७ मध्ये अमेरिकेच्या बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या विल्यम टिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शून्यं साठवायचीच नाहीत आणि समीकरणं सोडवण्याचा क्रम असा लावायचा की नवी भरलेली घरं कमीत कमी तयार व्हावीत, हे करून दाखवलं. तेव्हाच्या तुटपुंज्या संगणकांवर न्यूटनची पद्धत मोठ्या जाळ्यांसाठी वापरात आली ती त्यामुळे.

अरुण फडके यांचं काम या संदर्भात सांगायलाच हवं. ग्वाल्हेरला जन्मलेले, खरगपूरच्या आयआयटीतून अमेरिकेत गेलेले फडके सत्तरच्या दशकात अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या कंपनीत संगणकावर चालणारा रिले बनवत होते. त्या काळच्या संगणकाला सगळ्या प्रकारच्या फॉल्टची समीकरणं वेळेत सोडवणं झेपत नव्हतं. म्हणून त्यांनी सिमेट्रिकल कॉम्पोनंट्स वापरून एकाच समीकरणात काम भागवलं. त्यातूनच पुढे फेजर थेट मोजण्याची कल्पना निघाली आणि १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये पीएमयूचा (फेजर मेजरमेंट युनिट) पहिला नमुना तयार झाला. जीपीएसच्या घड्याळावर चालणारं हे यंत्र आज भारतीय ग्रिडवरही आहे. पन्नास हर्ट्झला एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ०.०१८ अंशाची चूक, इतकी ही मोजणी बारीक. विजेचं गणित आणि संगणकाची मर्यादा एकाच डोक्यात नांदत असल्यामुळे हा शोध लागला. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचा विषय घेणाऱ्याला हे सगळं जवळून कळतं.

मशीन लर्निंग मग घेऊच नये का? जरूर घ्यावं, पण वरचं शिकून झाल्यावर. हजार रोहित्रांपैकी दहा वर्षभरात जळणार असतील, तर ‘सगळी ठणठणीत’ असं सांगणारं मॉडेल ९९ टक्के बरोबर ठरतं आणि त्याचा उपयोग शून्य असतो. संभाव्यता पक्की नसलेला विद्यार्थी हा ९९चा आकडा अभिमानाने प्रोजेक्ट रिपोर्टात छापतो. क्लाउड किंवा ब्लॉकचेनचे ओळखवर्ग मी सोडून देईन. पायथॉन झाल्यावर आणखी एका भाषेसाठी आख्खं सेमिस्टर घालवणंही मला पटत नाही. अपवाद सीचा, ज्याला रिले, ड्राइव्ह, ईव्हीच्या कंट्रोलरमध्ये काम करायचंय त्याच्यासाठी.

विषय घेण्याआधी सिलॅबसपेक्षा मागच्या वर्षीच्या असाइनमेंट मागून बघाव्यात. त्यात स्वतः कोड लिहायला लावला नसेल, तर नाव कितीही आकर्षक असो, तो विषय घेऊ नये. कॉलेजात चांगला पर्याय नसेल तर ‘स्वयम्’ पोर्टलवरच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांचे क्रेडिट कॉलेज मान्य करतं का ते पाहावं. गेटचा विचार करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा जो स्वतंत्र पेपर सुरू झालाय, त्याचाही पाया संभाव्यता आणि लिनियर अल्जेब्रा हाच आहे.

आणि सुट्टीत एक काम करून बघा. आयईईई १४-बस जाळ्याची माहिती इंटरनेटवर फुकट मिळते. फडके ज्या कंपनीत होते तिच्याच जाळ्याच्या एका भागाचं हे १९६२ मधलं रूप आहे. त्याचा लोड फ्लो स्वतः लिहा. मग उत्तरात थोडी यादृच्छिक चूक मिसळून चाळीस मोजमापं तयार करा आणि त्यांवरून २७ अज्ञात परत काढा. चाळीस वजा सत्तावीस, म्हणजे तेरा डिग्रीज ऑफ फ्रीडम. त्यासाठी ९५ टक्के पातळीवर काय-स्क्वेअरची मर्यादा २२.३६ येते. आता एका मोजमापाचं चिन्ह मुद्दाम उलटं करा आणि बेरीज कुठे जाते ते पाहा.