अडीच टनांचा वारसा

मालाची ने-आण हा ज्यांच्या घरचा पिढीजात व्यवहार आहे, त्यांना मालवाहू गाडीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. माल वेळेवर पोहोचला नाही तर पेढीची पत कशी डळमळते, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. सैन्याचेही तसेच असते. इतिहासात सेनापतींची नावे उरतात. त्यांच्या सैनिकांपर्यंत धान्य, औषधे आणि इंधन वाहून नेणारी वाहने मात्र विस्मरणात जातात. अमेरिकेत आणि युरोपात अशी जुनी लष्करी वाहने शोधून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणारी हौशी मंडळी आहेत. त्यांच्या या कष्टसाध्य छंदाची ओळख वाचकांस मनोरंजक वाटेल.

या मंडळींच्या विशेष प्रेमाचा ट्रक म्हणजे 'जीएमसी सीसीकेडब्ल्यू'. १९४१ ते १९४५ या काळात असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, तिन्ही आसांना मिळणारी गती आणि कच्च्या वाटेवर अडीच टन माल वाहण्याची अधिकृत क्षमता, ही त्याची वैशिष्ट्ये. वेग ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास. पुढे पोलाद वाचविण्यासाठी बंद केबिनऐवजी ताडपत्रीचे छत आणि लोखंडी हौद्याऐवजी लाकडी हौदा आला.

या ट्रकची खरी परीक्षा १९४४ साली फ्रान्समध्ये झाली. तेथील रेल्वेमार्ग बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झाले होते आणि दोस्तांचे सैन्य झपाट्याने पुढे सरकत होते. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात 'रेड बॉल एक्स्प्रेस' नावाची वाहतूकव्यवस्था रात्रंदिवस चालली. जाण्याचा रस्ता वेगळा, परतण्याचा वेगळा. ऐन भरात सुमारे सहा हजार वाहने दिवसाला साडेबारा हजार टन माल पोहोचवीत होती. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय अमेरिकन होते. ज्या सैन्यात त्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवले जाई, त्याच सैन्याची रसद त्यांच्या हाती होती.

आपल्या देशाशीही या ट्रकचा संबंध आहे. आसाममधील लेडो येथून ब्रह्मदेशमार्गे चीनला जाणारा रस्ता खुला झाला, तेव्हा वाहनांचा पहिला तांडा १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघून ४ फेब्रुवारीस कुनमिंगला पोहोचला. त्या डोंगराळ, चिखलाच्या वाटेवर हे अडीच टनी ट्रक धावले.

युद्ध संपल्यावर अशी असंख्य वाहने शेतकरी, लाकूडव्यापारी आणि वाहतूकदार यांच्या हाती गेली. त्यांनी ती झिजेपर्यंत वापरली, आणि उरलीसुरली कोठारांत वा झाडाझुडपांत गंजत पडली. अमेरिकेत १९७६ साली लष्करी वाहनांच्या जतनासाठी 'मिलिटरी व्हेईकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन' स्थापन झाली. १९१९ साली लष्करी वाहनांच्या एका ताफ्याने वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ६२ दिवसांत प्रवास केला होता. तरुण अधिकारी आयझेनहॉवर त्यात होते. २००९ साली या संस्थेच्या सभासदांनी जुन्या वाहनांसह त्या प्रवासाची पुनरावृत्ती केली.

जीर्णोद्धाराचे काम कसे चालते? प्रथम छायाचित्रे व मोजमापे घेऊन प्रत्येक भाग सुटा केला जातो. लाकडी हौदा बहुधा कुजलेला असतो, टाकी आतून गंजलेली, रबर कडक झालेले. अशा वेळी लष्कराची मूळ पुस्तिका 'टीएम ९-८०१' मार्गदर्शक ठरते. त्या काळी मिस्त्र्यासाठी लिहिलेला तो ग्रंथ आजही तितकाच उपयोगी आहे. चालविण्याचीही कला शिकावी लागते. गिअर बदलताना दोनदा क्लच दाबावा लागतो, आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर पुढच्या आसाची गती बंद ठेवावी लागते, नाहीतर गिअरपेटी व शाफ्टवर ताण येतो.

मात्र या छंदात रंगरंगोटीपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर आहे. या ट्रकचे सर्व ब्रेक तेलाच्या एकाच मार्गावर चालतात. एका चाकाशी गळती झाली, तर सर्वच ब्रेक निकामी होऊ शकतात. सामान्य ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि उभ्या गाडीत सिलिंडर आतून गंजवते. म्हणून जाणकार मंडळी गाडी चालो वा न चालो, ठरावीक काळाने तेल बदलतात, नळ्या तपासतात आणि पाय-ब्रेक निकामी झाल्यास हाताचा ब्रेक गाडी थांबवू शकतो का, याची परीक्षा घेतात. चाकांची रिंगही तितकीच धोक्याची. टायरमध्ये हवा भरताना रिंग उसळली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, स्वतः दूर उभे राहूनच हवा भरतात.

जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले, तर खरेदीची किंमत ही खर्चाच्या वहीतील केवळ पहिली ओळ असते. दहा टायर, सुटे भाग, गाडी ठेवण्यास जागा आणि न संपणारे श्रम या पुढच्या ओळी. नफ्याच्या हिशेबाने हा व्यवहार बसत नाही. तरीही मंडळी तो करतात, कारण त्यात हाताला काम आणि मनाला शिस्त मिळते, आणि जुन्या कारागिराची विद्या टिकते. वृद्ध मिस्त्र्याच्या हाताखाली एखादा तरुण जेव्हा कार्बोरेटर खोलतो, तेव्हा पुस्तकात नसलेले ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

जे विवेकाने काम करतात, ते गाडीवर खोटी चिन्हे रंगवीत नाहीत. जी तुकडी त्या ट्रकची नव्हती, तिचे नाव लावणे म्हणजे दुसऱ्याच्या खात्यावरील पुण्य आपल्या नावे मांडणे होय. त्यापेक्षा ते गाडीचा क्रमांक शोधतात, कागदपत्रे पाहतात, आणि जेवढे सिद्ध होते तेवढेच लिहितात. तोफा व रणगाडे जपणारे पुष्कळ आहेत. पण उपाशी माणसापर्यंत अन्न आणि जखमीपर्यंत औषध नेणाऱ्या या साध्या गाडीचीही नोंद कोणीतरी सचोटीने ठेवीत आहे, हे मालवाहतुकीचे मोल जाणणाऱ्या आपल्या वाचकांस निश्चितच समाधान देईल.