घरपट्टी, विकास आणि उमेदवारांची आश्वासने: गैरसमज आणि वस्तुस्थिती

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव या तालुक्याच्या ठिकाणाचा कारभार नगरपंचायतीकडे आहे. 17 प्रभागांतून 17 नगरसेवक निवडून येतात. घरपट्टी आणि विकास यांबाबत त्यांचे अधिकार मुख्यतः महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 मध्ये ठरवून दिले आहेत. प्रचारातील दावे याच चौकटीत तपासावे लागतात.

गैरसमज: उमेदवार निवडून आला की घरपट्टी माफ करू शकतो.
वस्तुस्थिती: नगरसेवकाला सभेत एकच मत असते आणि सरसकट माफी सभेच्याही हातात नसते. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 मध्ये मिळालेल्या माफीसाठी राज्य सरकारचा निर्णय लागला. पुण्यातील 40 टक्के सवलत 2023 मध्ये पूर्ववत झाली, तीही राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानंतरच.

गैरसमज: कर मनाला येईल तसा लावला जातो.
वस्तुस्थिती: भाडेमूल्य पद्धतीत इमारतीच्या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. भाडेमूल्य 12,000 रुपये असल्यास करयोग्य मूल्य 10,800 होते. दर 20 टक्के धरला, तर कर 2,160 रुपये. आकारणी यादीची फेरतपासणी साधारणपणे दर चार वर्षांनी होते. यादी प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि पुढे अपीलही करता येते.

गैरसमज: बिलातील सर्व रक्कम नगरपंचायतीची असते.
वस्तुस्थिती: शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्याचे कर आहेत. नगरपंचायत ते केवळ वसूल करते. रोजगार हमी कर राहत्या घरांना लागत नाही. तो दुकाने, जिनिंग यांसारख्या बिगरनिवासी मालमत्तांवर असतो.

गैरसमज: विकास अनुदानातून होतो, म्हणून घरपट्टी थकली तरी बिघडत नाही.
वस्तुस्थिती: 15व्या वित्त आयोगाने शहरी संस्थांच्या अनुदानाला मालमत्ता कराच्या वसुलीत सातत्याने वाढ होण्याची अट घातली. लहान शहरांच्या अनुदानापैकी 60 टक्के रक्कम पाणीपुरवठा आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिली. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्तीची तरतूद आहे. वरील उदाहरणात ती महिन्याला 43 रुपये 20 पैसे होते.

गैरसमज: रस्ता किंवा बगिचा कुठे करायचा, हे नगरसेवक ठरवतो.
वस्तुस्थिती: जागांची आरक्षणे विकास आराखड्यात असतात. प्रारूप आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात आणि त्यानंतर तो शासनाच्या मंजुरीला जातो. सभेने मंजूर केलेल्या कामांची अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांच्या प्रशासनाकडे असते.

गैरसमज: घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा.
वस्तुस्थिती: पावतीने कर भरल्याचे सिद्ध होते, मालकी नव्हे. कर घेतला म्हणून विनापरवाना बांधकामही अधिकृत ठरत नाही.

म्हणून करमाफीचे आश्वासन देणाऱ्या उमेदवाराला मतदारांनी दोन गोष्टी विचाराव्यात: माफीचा अधिकार कोणाचा, आणि घटलेले उत्पन्न कोठून भरून काढणार?