कंबरदुखी: आसन कुठलं, त्याआधी मात्रा किती

२०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टनं चालण्याचा कार्यक्रम आखून दिला. उरलेल्यांना काहीच नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं उलटायला मध्यक हिशेबानं ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांचं २०८.

मला यात चालण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं ते ‘आखून दिलं’ हे. प्रत्येकाची सुरुवात त्याच्या कुवतीनुसार, मग हळूहळू वाढ, आणि सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास हे लक्ष्य.

तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी असणारे नेमके इथेच फसतात. बरं वाटलं त्या दिवशी माळे साफ करायचे, मग चार दिवस अंथरूण. दुखणं जुनं झालं की मज्जासंस्था अतिसावध होते, साध्या वाकण्यालाही धोका समजते. रोजची थोडी, न चुकणारी हालचाल तिला हळूहळू शांत करते. उद्या सकाळपर्यंत ओसरेल इतपत दुखलं तर चालेल. त्याहून रेंगाळलं तर मात्रा कमी करायची, व्यायाम सोडायचा नाही.

मग पिलाटीस, योगासनं की पोहणं? २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात २४९ चाचण्या तपासल्या गेल्या. व्यायामानं जुनाट कंबरदुखी कमी होते, हे त्यातून दिसलं. काही प्रकार थोडे उजवे ठरतातही. पण जो तुम्ही वर्षभर कराल तोच निवडा, असं मी म्हणेन.

एक अपवाद मात्र पाहावाच लागतो: दिशेचा. गादी सरकलेल्या अनेकांना भुजंगासनासारखं मागे वाकणं मानवतं. पण उतारवयात मणक्यातली नळी अरुंद झालेल्यांचे पाय त्यानंच भरून येतात. त्यांना पुढे झुकलं, बसलं की आराम पडतो. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेलं आसन उचलू नये. लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरता आली किंवा पायातली ताकद गेली, तर व्यायाम बाजूला ठेवून तातडीनं रुग्णालय गाठावं.

न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेंझी यांनी दिशा ओळखण्याची एक खूण सांगितली आहे. व्यायाम करताना पायातली कळ वर सरकून कंबरेत गोळा होत असेल, तर कंबर तात्पुरती जास्त दुखली तरी दिशा बहुधा बरोबर आहे. कळ पोटरीकडे उतरू लागली, तर तिथेच थांबावं.